पुलाच्या फ्रिक्वेन्सीतून तापमान वजा कसं करायचं: झेड-२४ पूल आणि एक छोटं न्यूरल नेटवर्क

पुलावर एक्सेलरोमीटर बसवायचे, त्याची नॅचरल फ्रिक्वेन्सी (पूल स्वतःहून सेकंदाला किती वेळा हलतो तो आकडा) सतत मोजत राहायची आणि ती घसरली की समजायचं पुलाला काहीतरी झालंय, ही आयडिया कागदावर एकदम सरळ आहे. स्टिफनेस कमी झाला की फ्रिक्वेन्सी कमी होते, हे आपण इंजिनिअरिंगला शिकलेलो असतोच. पण खऱ्या पुलाचा वर्षभराचा ग्राफ काढला की आधी वेगळंच दिसतं. फ्रिक्वेन्सी रोज वरखाली होत असते, दुपारी खाली, पहाटे वर, उन्हाळ्यात खाली, थंडीत वर, आणि हा चढउतार खऱ्या नुकसानीने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. त्यामुळे तापमानाचा हिस्सा आधी बाजूला काढला नाही तर पुढचं सगळं काम वाया. तो हिस्सा छोट्या न्यूरल नेटवर्कने कसा काढायचा ते इथे लिहितोय. पायथन थोडंफार येत असेल, सायपाय आणि सायकिट-लर्न किंवा पायटॉर्च हाताळलं असेल तर पुरे आहे.

उदाहरण म्हणून झेड-२४ पूल घेऊ, कारण यापेक्षा चांगलं उदाहरण शिकायला मिळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये कोपिगेन आणि उत्झेन्स्टॉर्फ या दोन गावांना जोडणारा, बर्न ते झ्युरिक जाणाऱ्या ए-१ हायवेच्या वरून जाणारा पोस्ट-टेन्शन्ड काँक्रीटचा बॉक्स गर्डर पूल होता हा, मधला स्पॅन ३० मीटर आणि दोन बाजूंना १४-१४ मीटर. शेजारून नवीन रेल्वेलाइन जाणार होती आणि तिला बाजूचा स्पॅन मोठा हवा होता म्हणून पूल पाडायचाच होता. मग बेल्जियमच्या लूवेन विद्यापीठाच्या लोकांनी युरोपियन प्रोजेक्टमधून नोव्हेंबर १९९७ पासून त्यावर सतत मॉनिटरिंग केलं आणि पाडायच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबर १९९८ मध्ये, मुद्दाम टप्प्याटप्प्याने पूल खराब केला. एक पिअर म्हणजे खांब कापून २०, ४०, ८० आणि शेवटी ९५ मिलिमीटर खाली उतरवला, नंतर काँक्रीट फोडलं, केबलची अँकर हेड्स काढली, केबल तोडल्या. म्हणजे ‘पूल धडधाकट आहे’ असा जवळपास नऊ महिन्यांचा डेटा आणि त्यानंतर ‘पूल नक्की खराब आहे’ असा डेटा, तोही एकाच पुलाचा. नुकसान कधी झालं ते तारखेनिशी माहीत असणं ही या क्षेत्रात फार दुर्मिळ गोष्ट आहे. डेटा लूवेनकडे रीतसर मागितला की अभ्यासासाठी मिळतो.

आता या पुलाचे पहिले चार मोड (म्हणजे हलण्याच्या वेगवेगळ्या तऱ्हा, प्रत्येकीची फ्रिक्वेन्सी वेगळी) साधारण ३.९, ५.०, ९.८ आणि १०.३ हर्ट्झच्या आसपास. वर्षभरात नुसत्या हवामानाने या फ्रिक्वेन्सी १४ ते १८ टक्के हलल्या. हा आकडा नीट बघा, कारण कुठलं मॉडेल घ्यायचं ते यावरूनच ठरतं. काँक्रीटचा मोड्युलस (म्हणजे मटेरिअलचा ताठरपणा) दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३ ते ०.४५ टक्के बदलतो असं धरतात, फ्रिक्वेन्सी स्टिफनेसच्या वर्गमुळावर चालते म्हणून तिच्यात त्याच्या निम्मा बदल येणार, म्हणजे अंशाला ०.१५ ते ०.२२ टक्के. ३० अंशांचा फरक धरला तरी साडेचार ते पावणेसात टक्के होतात. मग बाकीचं कुठून आलं? ते आलं डांबरातून आणि गोठण्यातून. डांबर उन्हात मऊ असतं, स्ट्रक्चरला त्याची फारशी मदत नसते, पण तापमान शून्याखाली गेलं की तेच डांबर कडक होऊन गर्डरबरोबर काम करायला लागतं आणि फ्रिक्वेन्सी झपकन वर जाते. त्यामुळे फ्रिक्वेन्सी विरुद्ध तापमान असा ग्राफ काढला तर शून्याच्या उजवीकडे हलका उतार, शून्याच्या आसपास एक गुडघा, आणि डावीकडे एकदम तीव्र चढ असा आकार येतो. सरळ रेष या आकारावर बसूच शकत नाही, न्यूरल नेटवर्कची गरज पडते ती इथे. तुमच्या पुलाचा ग्राफ सरळ रेषेसारखाच दिसत असेल तर साधं लिनिअर रिग्रेशन वापरा आणि समाधानी राहा, नेटवर्क लावायचा हट्ट करू नका.

पहिलं काम म्हणजे कच्च्या कंपनातून फ्रिक्वेन्सी काढणं, आणि माझ्या मते निम्मे प्रोजेक्ट इथेच बिघडतात, नेटवर्कमध्ये नाही. झेड-२४ वर दर तासाला १०० हर्ट्झने ६५,५३६ सॅम्पल घेतले जायचे, म्हणजे साधारण अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग. समजा तुम्ही वेल्च पद्धतीने (तुकड्यांचे स्पेक्ट्रम काढून त्यांची सरासरी) ८,१९२ सॅम्पलचे तुकडे करून स्पेक्ट्रम काढला आणि सगळ्यात उंच पीक उचलला. तुकडा झाला ८१.९२ सेकंदांचा, म्हणजे स्पेक्ट्रमचं एक घर ०.०१२२ हर्ट्झचं. ३.९ हर्ट्झवर हे एक घर म्हणजे ०.३ टक्के. आणि वर आपण बघितलं की एका अंशाने फ्रिक्वेन्सी हलते ती ०.२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तापमान एक-दीड अंश बदललं तरी तुमचा आकडा जागचा हलणार नाही, आणि मग अचानक एक पायरी उडी मारेल. असा पायऱ्यापायऱ्यांचा डेटा नेटवर्कला दिला तर ते बिचारं त्या पायऱ्याच शिकत बसणार. त्यामुळे निदान पीकच्या आजूबाजूच्या तीन बिंदूंवर पॅराबोला बसवून खरं शिखर काढा, आणि जमत असेल तर सरळ स्टोकॅस्टिक सबस्पेस आयडेंटिफिकेशन वापरा, म्हणजे एसएसआय. त्यात मॉडेलची ऑर्डर वाढवत नेऊन स्टॅबिलायझेशन डायग्राम काढायचा, जे पोल (मॉडेलने सुचवलेल्या फ्रिक्वेन्सी) ऑर्डर बदलली तरी जागेवर राहतात ते खरे मोड आणि जे इकडेतिकडे पळतात ते गणिताने तयार केलेले खोटे.

दुसरी भानगड मोडची ओळख पटवण्याची. झेड-२४ चा तिसरा आणि चौथा मोड फक्त अर्ध्या हर्ट्झवर आहेत आणि दोन्ही तापमानाबरोबर हलतात, त्यामुळे आजचा तिसरा मोड उद्याच्या चौथ्याच्या जागी सापडू शकतो. नुसत्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावरून मोड ओळखले तर कधीतरी अदलाबदल होणारच. मोड शेप (त्या मोडमध्ये पूल कुठल्या आकारात हलतो तो) पण काढा आणि मॅक व्हॅल्यूने (दोन शेप किती जुळतात ते ० ते १ मध्ये सांगणारा आकडा) तपासा, आधीच्या संदर्भ शेपशी ०.८ च्या खाली मॅक आला तर तो तास त्या मोडसाठी रिकामा सोडा. रिकामी जागा परवडते, चुकीचा आकडा परवडत नाही.

आता तापमानाकडे येऊ. बरेच जण हवेचं एक तापमान घेतात आणि नेटवर्कला देऊन मोकळे होतात. काँक्रीट हवेच्या मागून तापतं आणि मागून थंड होतं, जाड सेक्शन असेल तर काही तासांनी. दुपारी दोनला हवा सगळ्यात गरम असेल पण गर्डरचा गाभा संध्याकाळी गरम होतो, आणि फ्रिक्वेन्सी ठरते ती गाभा, वरचा स्लॅब, डांबर या सगळ्यांच्या मिळून स्टिफनेसवर. हवेचं तेच २० अंश तापमान सकाळी दहाला असेल तर पूल अजून रात्रीचा गारवा धरून असतो आणि रात्री आठला असेल तर दिवसभराची ऊब धरून, दोन्ही वेळी फ्रिक्वेन्सी वेगळी. ग्राफ काढलात तर रेषेऐवजी एक फेरा दिसतो. हे नेटवर्कला कळायला हवं असेल तर त्याला आधीच्या तासांची तापमानंही दिली पाहिजेत. मी इनपुट असे घेईन: डांबराचं आत्ताचं तापमान, वरच्या स्लॅबचं आत्ताचं, खालच्या स्लॅबचं आत्ताचं, वरखालचा फरक, मग हवेचं आत्ताचं, ३ तासांपूर्वीचं, ६ तासांपूर्वीचं, १२ तासांपूर्वीचं, गेल्या २४ तासांची सरासरी आणि गेल्या ७२ तासांची सरासरी. झाले दहा. स्ट्रक्चरच्या आत सेन्सर नसतील तर हवेचे हे लॅगच (मागच्या तासांचे आकडे) तुमचा आधार, आणि मग उन्हाचा सेन्सर असेल तर तोही घ्या कारण डांबर नुसत्या हवेने नाही तापत, उन्हाने तापतं.

सेन्सर खूप असतील तर सगळे कोंबू नका. हाँगकाँगच्या टिंग काऊ या केबल-स्टेड पुलावर तापमानाचे सेन्सर ढिगाने आहेत आणि तिथे न्यूरल नेटवर्क लावून बरंच काम झालंय, पण शेजारशेजारचे सेन्सर जवळजवळ तेच सांगत असतात. अशा वेळी प्रिन्सिपल कंपोनंटने आधी आटवून घ्यायचं आणि मग पाच-सात कंपोनंट नेटवर्कला द्यायचे. त्या पुलावर वर्षभरात फ्रिक्वेन्सीचा बदल एक-दीड टक्क्याच्या आतबाहेरचा, झेड-२४ च्या मानाने अगदी कमी, पण अवाढव्य पुलावर एखाद्या केबलच्या बिघाडाने पडणारा फरक त्याहून बारीक असतो, म्हणून तिथेही हे काम टाळता येत नाही.

एक गोष्ट इनपुटमध्ये अजिबात घालू नका, ती म्हणजे तारीख किंवा ‘सुरुवातीपासून किती दिवस झाले’ हा आकडा. मोह होतो, कारण एरर लगेच खाली येते. पण नुकसान हळूहळू वाढत असेल तर तेही दिवसांबरोबरच वाढणार, नेटवर्क म्हणेल हो हो, दिवस वाढले की फ्रिक्वेन्सी कमी होतेच, आणि ज्याला पकडायचंय तेच गिळून टाकेल.

नेटवर्क किती मोठं? लहान. एकच हिडन लेयर, आठ न्यूरॉन, टॅनएच, आणि चार आउटपुट म्हणजे चार मोडच्या फ्रिक्वेन्सी. दहा इनपुट धरले तर आकडे असे होतात: दहा गुणिले आठ ८०, बायस ८, पुढे आठ गुणिले चार ३२, बायस ४, एकूण १२४ पॅरामीटर. तासातासाचा काही महिन्यांचा डेटा म्हणजे काही हजार ओळी, त्याला हे भरपूर आहे. गुडघ्याचा आकार पकडायला दोन-तीन न्यूरॉन पुरतात, बाकीचे लॅगसाठी. डीप नेटवर्क, एलएसटीएम वगैरे लावून बघायला हरकत नाही पण आधी हे लावा, आणि त्याच्याही आधी शून्यावर मोडलेली दोन तुकड्यांची सरळ रेष लावून तिची एरर लिहून ठेवा. नेटवर्कने तिला स्पष्ट हरवलं पाहिजे, नाहीतर तुमच्या लॅगमध्ये किंवा फ्रिक्वेन्सी काढण्यात काहीतरी गडबड आहे. इनपुट-आउटपुट दोन्ही स्केल करा, सरासरी वजा करून स्टँडर्ड डेव्हिएशनने भागा, आणि ती सरासरी फक्त ट्रेनिंगच्या ओळींवरून काढा. लॉस साधा वर्ग-एरर न घेता ह्युबर घ्या, एखाददुसरा चुकीचा मोड सुटून आलाच असेल तर त्याचा धक्का कमी बसतो, आणि मोडचे जे तास रिकामे सोडलेत ते लॉसमधून वगळा. अ‍ॅडम, लर्निंग रेट ०.००१, वेट डिके ०.०००१ पासून सुरू करा, व्हॅलिडेशन एरर ५० इपॉक सुधारली नाही की थांबा. आणि एकच नेटवर्क ट्रेन करू नका, वेगवेगळ्या सीडने दहा करा आणि त्यांची सरासरी घ्या. दहाही जण जवळजवळ तेच सांगत असतील तर भरवसा ठेवा, पांगले असतील तर ते तापमान ट्रेनिंगमध्ये फारसं आलेलंच नाही असं समजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डेटा कसा वाटायचा. सायकिट-लर्नचं ट्रेन-टेस्ट स्प्लिट डोळे झाकून चालवलंत तर ते ओळी पिसून वाटतं, आणि इथेच फसगत होते. सकाळी आठची ओळ ट्रेनिंगला गेली आणि नऊची टेस्टला, दोन्हीत तापमान जवळपास तेच, फ्रिक्वेन्सी जवळपास तीच, म्हणजे टेस्टचा पेपर आधीच फुटलेला. आर-स्क्वेअर ०.९८ येतो, रिपोर्टात झकास दिसतो, आणि पुढच्या महिन्यात मॉडेल तोंडावर पडतं. वाटप नेहमी वेळेच्या सलग ठोकळ्यांनी करायचं. तीन आठवडे ट्रेनिंग, मध्ये तीन दिवस टाकून द्यायचे (आपले लॅग आणि सरासरी ७२ तासांपर्यंत मागे जातात म्हणून), मग एक आठवडा व्हॅलिडेशन, पुन्हा तीन दिवस टाकायचे, आणि असंच वर्षभर. म्हणजे थंडीचे ठोकळे दोन्हीकडे येतात. झेड-२४ मध्ये एकच हिवाळा आहे, त्यामुळे ‘आधीचे सहा महिने ट्रेनिंग, नंतरचे टेस्ट’ असं केलंत तर कुठलातरी ऋतू नेटवर्कने पाहिलेलाच नसणार. नुकसान सुरू होण्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे मात्र पूर्ण वेगळे ठेवा, ट्रेनिंगलाही नाही आणि व्हॅलिडेशनलाही नाही, मॉडेल धडधाकट पुलावर गप्प राहतंय का ते बघायला.

न पाहिलेल्या ऋतूबद्दल अजून थोडं सांगतो कारण हे फार वेळा होतं. समजा फक्त एप्रिल ते जुलैवर ट्रेन केलं. नेटवर्कला शून्याखालचा गुडघा माहीतच नाही. फेब्रुवारीत तापमान उणे पाचवर गेलं की टॅनएच बाहेरच्या भागात सपाट होतं, अंदाज ३.९-४.० च्या आसपास अडकून बसतो आणि मोजलेली फ्रिक्वेन्सी त्याच्या कितीतरी वर असते. अलार्म वाजतो, आणि पुलाला काहीही झालेलं नसतं, फक्त डांबर गोठलेलं असतं. म्हणून प्रत्येक अंदाजाबरोबर एक साधी तपासणी लावा, आत्ताचे इनपुट ट्रेनिंगच्या रेंजच्या आत आहेत का, नसतील तर त्या तासाला ‘मत नाही’ असं लिहा. यात कमीपणा काही नाही, माहीत नसताना मत देण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

नेटवर्क ट्रेन झालं की मोजलेल्या फ्रिक्वेन्सीतून अंदाज वजा करा. राहतं ते रेसिड्युअल, आणि आपल्याला कामाचं तेच आहे. आधी ते तापमानाविरुद्ध प्लॉट करा. कुठलाही आकार दिसायला नको, ना उतार, ना गुडघा. मग दिवसाच्या तासांविरुद्ध प्लॉट करा. दुपारी सतत खाली आणि रात्री सतत वर दिसत असेल तर लॅग कमी पडलेत, किंवा वाहतुकीचा परिणाम मिसळलाय, कारण गाड्याही दिवसाच जास्त असतात आणि दिवसाच गरम असतं, दोघांना वेगळं करणं अवघड जातं. अशा वेळी कंपनाचा आरएमएस (कंपन सरासरी किती जोरात आहे तो आकडा) हा एक इनपुट घालून बघा, मोठं कंपन असताना फ्रिक्वेन्सी थोडी खाली दिसते त्याची भरपाई होते.

अलार्मची रेषा कुठे ओढायची? व्हॅलिडेशनच्या रेसिड्युअलची ९९ टक्क्यांची मर्यादा घ्या असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. पण हिशोब करा, महिन्याचे ७२० तास, त्याचा एक टक्का म्हणजे सात-आठ खोटे अलार्म दर महिन्याला, एका पुलाला. देखभाल करणारा माणूस दुसऱ्या महिन्यात त्या मेसेजकडे बघणं बंद करेल. म्हणून तासाच्या रेसिड्युअलवर निर्णय घ्यायचाच नाही. दिवसाचा मीडियन काढा, चारही मोडचे रेसिड्युअल एकत्र करून महालानोबिस अंतर (चारही मिळून नेहमीच्यापासून किती लांब गेलेत तो एक आकडा) काढा, आणि सलग काही दिवस रेषेच्या वर राहिलं तरच कळवा. पिअर खचणं एका तासात येऊन एका तासात जात नाही, ते तिथेच राहतं, त्यामुळे दोन-तीन दिवस थांबल्याने संथ नुकसानीच्या बाबतीत काही बिघडत नाही. धडक किंवा पूर यासारख्या अचानक गोष्टींसाठी वेगळी यंत्रणा लागते, ते काम या मॉडेलवर टाकू नका.

झेड-२४ वर हे सगळं नीट केलं की पिअर खाली उतरवल्यानंतर पहिल्या मोडचं रेसिड्युअल शून्याच्या खाली सरकतं आणि तिथेच राहतं. कच्च्या ग्राफमध्ये हाच बदल हिवाळ्याच्या उंच उसळीशेजारी किरकोळ वाटतो. पीटर्स आणि डी रोएक यांनी २००१ मध्ये याच डेटावर एआरएक्स मॉडेल (आधीच्या फ्रिक्वेन्सी आणि तापमानावरून पुढची फ्रिक्वेन्सी सांगणारं) लावून हे दाखवलं होतं, तेही लिनिअर मॉडेल आणि तापमानाचे मोजके इनपुट वापरून, म्हणून त्यांचं काम समोर ठेवून आपलं नेटवर्क त्याच्याशी ताडून बघा.

मॉडेल एकदा चालू झाल्यावर दर महिन्याला नव्या डेटावर आपोआप रीट्रेन करायची सोय बरेच जण लावतात, बाकीच्या मशीन लर्निंगमध्ये ती चांगलीही असते. इथे ती घातक आहे. पूल हळूहळू कमजोर होत असेल तर मॉडेल दर महिन्याला त्या कमजोरीलाच नॉर्मल मानत जाईल. रीट्रेन करायचं ते पुलाची प्रत्यक्ष तपासणी होऊन कोणीतरी सही केल्यावर, किंवा डांबराचा नवीन थर टाकला, बेअरिंग बदलली, अशा माहीत असलेल्या कामानंतर. त्याचं उदाहरण हवं असेल तर लूवेनच्याच केडब्ल्यू-५१ या रेल्वे पुलाचा डेटा झेनोडो या संशोधन डेटाच्या वेबसाइटवर खुला आहे, ऑक्टोबर २०१८ ते जानेवारी २०२०, दुरुस्तीच्या आधीचा, दुरुस्ती चालू असतानाचा आणि नंतरचा. तिथे दुरुस्तीने फ्रिक्वेन्सी बदलते, आणि जुनं मॉडेल का टाकून द्यावं लागतं ते डोळ्यांनी दिसतं. झेड-२४ ची परवानगी येईपर्यंत सुरुवात त्यावरच करा.

आपल्याकडच्या पुलावर हे लावायचं असेल तर शून्याखालचा गुडघा विसरा, महाराष्ट्रात महाबळेश्वरसारखी मोजकी ठिकाणं सोडली तर दव गोठायचीही वेळ सहसा येत नाही. पण विदर्भात मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते, उन्हातलं डांबर त्याच्या कितीतरी वर, तेव्हा वरच्या टोकाला रेष वाकलेली मिळू शकते. आणि कोकणात तापमानापेक्षा पावसाळाच जास्त छळणार. जून ते सप्टेंबर काँक्रीट पाणी धरून ठेवतं, म्हणजे वजन वाढतं, पिअरभोवती पाण्याची पातळी बदलते, खालची माती भिजते, पुरात पायाजवळची वाहूनही जाते. यातलं शेवटचं आपल्याला पकडायचंय आणि बाकीचं वजा करायचंय. त्यामुळे इनपुटमध्ये गेल्या सात दिवसांचा पाऊस आणि नदीची पातळी घाला, आर्द्रता घाला, आणि निदान एक अख्खा पावसाळा व एक अख्खा उन्हाळा डेटात जमा होईपर्यंत अलार्म चालू करू नका. तोवर नुसतं रेकॉर्डिंग चालू ठेवा, कच्चं कंपनही साठवा, फक्त काढलेल्या फ्रिक्वेन्सी नको, कारण एसएसआयच्या सेटिंग नंतर बदलाव्या लागतातच आणि तेव्हा कच्चा डेटा नसेल तर परत वर्षभर थांबावं लागेल.